माठाशेजारची तक्रारपेटी

नंदुरबार आता जिल्हा आहे. मी नोकरीला लागले तेव्हा ते धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, आणि ते नेमकं कुठे आहे याबद्दल आमच्या कंपनीच्या मुंबईच्या हेड ऑफिसची खात्री नव्हती. पाकिटांवर कधीकधी गावाच्या पुढे 'गुजरात' असं लिहिलेलं असायचं. पोस्टमन समजूतदार होता, म्हणून पत्रं पोचायची.

कंपनी मोठी होती. तेलावर चालणारी इंजिनं आणि पाण्याचे पंप बनवायची. त्या काळात आमच्या भागात याहून नवलाचं यंत्र दुसरं नव्हतं. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांनी मोटा सोडून इंजिनं घ्यायला सुरुवात केली होती, आणि ज्याच्या शेतात इंजिन फटफटतं त्याच्या मुलाला चांगली स्थळं सांगून येत होती. आमची शाखा स्टेशनच्या रस्त्यावर होती. पुढे काचेची शोरूम, तिच्यात रोज पुसून चकचकीत ठेवलेली दोन इंजिनं. ती मी असेपर्यंत कधी सुरू झाली नाहीत. मध्ये ऑफिसचा हॉल. मागे पत्र्याची शेड, तिथे शेतातली बंद पडलेली इंजिनं दुरुस्तीला यायची.

माझे वडील स्टेशनवर मालधक्क्याला क्लार्क होते. कंपनीचा माल त्यांच्यासमोर उतरायचा, म्हणून मॅनेजरांशी ओळख. एकदा मॅनेजर म्हणाले, टायपिस्ट मिळत नाही. वडील म्हणाले, "माझ्या मुलीनं धुळ्याला टायपिंगची परीक्षा दिली आहे. मुलगी चालेल का?" मॅनेजरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मशीनला काय कळतंय कोण टाइप करतंय ते." एवढ्यावर मला नोकरी लागली. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी एकोणीस वर्षांची होते.

मॅनेजर मूळचे मुंबईचे. मे महिन्यात कावळे झाडावरून हलत नसत, तेव्हाही ते टाय लावून बसायचे. नाशिकला बदली व्हावी, ही त्यांची एकच इच्छा होती आणि ती गावात सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्या खालोखाल हेडक्लार्क, धुळ्याचे, पन्नाशी ओलांडलेले. स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची, आणि नवी पेन्सिल हवी असेल तर जुन्या पेन्सिलीचा तुकडा नेऊन दाखवावा लागायचा. स्टोअरकीपर इंजिनाचे सुटे भाग सांभाळायचे. सुटे भाग हे देण्यासाठी नसून ठेवण्यासाठी असतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. सेल्समन मोटरसायकलवरून शहादा, म्हसावद, प्रकाशा असा फिरायचा आणि परत आल्यावर रस्त्यांविषयी बोलायचा.

आणि मागच्या शेडमध्ये मिस्त्री. ते धानोऱ्याचे. उंच, वाळलेले, बोलण्यात अहिराणीशिवाय दुसरी भाषा नाही. गावोगावचे शेतकरी कंपनीला ओळखत नसत, मिस्त्रींना ओळखत. सायकलीला हत्यारांची पिशवी लावून ते तापीकाठापर्यंत जायचे. इंजिनाला कान लावून उभे राहायचे आणि मग एखादाच नट फिरवायचे. कंपनीच्या कागदांवर मात्र ते सात वर्षं हंगामी होते. अकरा महिने भरले की नेमणूक संपायची, थोडे दिवस घरी बसायचं, मग मुंबईहून नवी ऑर्डर यायची. या मधल्या दिवसांत एखादं इंजिन बंद पडलंच तर मिस्त्री तसेच जाऊन दुरुस्त करून यायचे, आणि शेतकऱ्याला कंपनीची सेवा किती तत्पर आहे ते सेल्समन समजावून सांगायचा.

आमच्या हॉलमध्ये छताला एकच पंखा होता. सगळ्या राजकारणाचं मूळ तो पंखा. तो हॉलच्या बरोबर मध्ये होता आणि तिथे कोणाचंच टेबल नव्हतं. पण टेबलं सरकतात. दर सोमवारी हेडक्लार्कांचं टेबल चार बोटं पुढे आलेलं असायचं. मग स्टोअरकीपरांचंही चार बोटं पुढे यायचं. कोणी कोणाला काही बोलत नसे. शेवटी दोन्ही टेबलं इतकी जवळ आली की मधून जाताना मला पदर आवरून आडवं चालावं लागायचं. एक दिवस हेडक्लार्कांनी सगळ्यांच्या टेबलांच्या पायांभोवती खडूने रेघा मारल्या आणि तसं परिपत्रक काढलं. ते मीच टाइप केलं. त्यांनी रेघा मारण्याआधी आपलं टेबल आणखी थोडं सरकवून घेतलं होतं, असं स्टोअरकीपरांचं म्हणणं होतं.

अशा वातावरणात होळीच्या सुमारास मुंबईहून रेल्वेच्या पार्सलने ती पेटी आली. सागवानी, पितळी कुलपाची, वर फट असलेली. सोबत परिपत्रक होतं. मॅनेजरांनी सगळ्यांना उभं करून ते वाचून दाखवलं आणि मराठीत समजावलं. कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. कुटुंबातल्या प्रत्येकाने मन मोकळं करावं. सूचना, तक्रारी, काहीही लिहून या पेटीत टाकावं. नाव घालायची गरज नाही. किल्ली हेड ऑफिसकडे राहील आणि तीन महिन्यांनी त्यांचे निरीक्षक येऊन पेटी उघडतील.

"काही शंका?" मॅनेजरांनी विचारलं.

"पेटी ठेवायची कुठे?" हेडक्लार्क म्हणाले.

यावर दोन दिवस गेले. हेडक्लार्क म्हणाले, माझ्या टेबलावर ठेवा, म्हणजे लक्ष राहील. लक्ष राहील म्हणूनच ती तिथे नको, असं सगळ्यांना वाटलं, पण बोलायचं कसं? स्टोअरकीपर म्हणाले, स्टोअरमध्ये ठेवू. सेल्समन म्हणाला, "मग तक्रार टाकायला आधी तुमच्याकडे मागणीपत्र भरावं लागेल." अखेर ती पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी भिंतीवर लावली, कारण तिथे जायला प्रत्येकाला कारण असतं.

चूक इथेच झाली. दुसऱ्या दिवसापासून जो माठाकडे जाईल त्याच्याकडे सगळे मान वर करून बघू लागले. हेडक्लार्क पाणी प्यायला उठले की स्टोअरकीपरांची लेखणी थांबायची. स्टोअरकीपर उठले की सेल्समन खोकायचा. हळूहळू लोकांनी पाणी पिणं सोडलं. एप्रिलचं ऊन, अंगावर मीठ फुटतंय, आणि भरलेला माठ तसाच. हेडक्लार्क घरून फिरकीचा तांब्या आणू लागले, तर स्टोअरकीपरांनी पाण्यासाठी काचेची बाटली आणली. पूर्वी तिच्यात काय होतं यावर सेल्समनने आठवडाभर चर्चा केली. माठातलं पाणी फक्त मी आणि मिस्त्री प्यायचो.

पेटीत मात्र काहीच पडलं नाही. मॅनेजर सकाळी आल्यावर ती हळूच हलवून बघत. महिनाभर त्यांना हे बरंही वाटलं. मग जळगावच्या शाखेतून त्यांच्या मित्राचं पत्र आलं. तिकडची पेटी भरत आली होती, आणि हेड ऑफिसात अशा शाखेला 'जागृत शाखा' म्हणतात असं त्याने लिहिलं होतं. आमची पेटी रिकामी निघाली तर आमची शाखा झोपलेली ठरणार होती, आणि झोपलेल्या शाखेच्या मॅनेजरला नाशिक कोण देणार?

त्यांनी आम्हाला पुन्हा उभं केलं.

"या महिनाअखेर प्रत्येकाच्या दोन तक्रारी पेटीत पडल्या पाहिजेत," ते म्हणाले.

"कशाबद्दल, साहेब?" हेडक्लार्कांनी वही उघडून विचारलं.

"कशाबद्दलही. खऱ्या असू द्या. फक्त फार मोठ्या नकोत."

"आणि तक्रार नसेल तर?" स्टोअरकीपर म्हणाले.

"शोधा," मॅनेजर म्हणाले. "इंजिनाला गिऱ्हाईक आपण शोधतोच ना? तसं."

अडचण अक्षराची होती. सहा माणसांच्या ऑफिसात कोणाचं अक्षर कोणाला ओळखू येत नाही? निरीक्षकांनी चिठ्ठी मॅनेजरांना दाखवली की संपलं. म्हणून सगळ्यांना एकदमच माझ्या टाइपरायटरची आठवण झाली. प्रत्येक जण वेगळा आला, इतर कोणी नसताना, आणि इतर कोणाला सांगू नका असं बजावून. सगळे मराठीत सांगायचे. मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत ते बसवायचे, कारण मशीन इंग्रजी होतं.

सेल्समनने सांगितलं, स्टोअरकीपर वेळेवर भाग देत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक तुटतं. तासाभराने स्टोअरकीपर आले. सेल्समन वाटेल ती वचनं देऊन इंजिनं विकतो, त्यामुळे भाग पुरत नाहीत. मी दोन्ही कागद एकाच पेटीत टाकायला दिले. पंख्याविषयी तीन तक्रारी आल्या आणि तिन्ही एकमेकींच्या विरुद्ध होत्या.

हॉलमधल्या माणसांत हेडक्लार्क शेवटी आले. स्टूल ओढून बसले, कमरेची किल्ली जरा सारखी केली.

"लिहा बाई. ऑफिसात महिला कर्मचारी नेमल्यापासून पुरुष कर्मचाऱ्यांना मोकळेपणाने बोलता येत नाही. बांगड्यांच्या आवाजाने लक्ष विचलित होतं."

माझे हात थांबले. "काका, हे माझ्याबद्दल आहे का?"

"तुमच्याबद्दल नाही हो. पदाबद्दल आहे." ते कळवळून म्हणाले. "तुम्ही घरच्यासारख्या आहात. तुमच्याबद्दल असतं तर तुमच्याकडून टाइप करून घेतलं असतं का?"

आवाज होऊ नये म्हणून मी बांगड्या वर सारल्या. मी टाइप केलं. 'विचलित'साठी शब्दकोश बघावा लागला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं. तेही एक तक्रार सांगणार होते, पण आमच्या वतीने. "लिहा. आम्हा कर्मचाऱ्यांची अशी तीव्र भावना आहे की सध्याच्या मॅनेजरसाहेबांना या हवेत ठेवणं योग्य नाही. त्यांची बदली दुसऱ्या ठिकाणी तातडीने करावी." ते थांबले. "नाशिक घालू नका. संशय येईल."

उरले मिस्त्री. त्यांच्याही दोन तक्रारी ठरलेल्या होत्या. हात कापसाच्या बोळ्याने पुसत ते दारात उभे राहिले. हॉलमध्ये ते सहसा येत नसत. फरशीला तेल लागतं म्हणून हेडक्लार्क कुरकुरायचे.

"ताई, माले सांगा, तक्रार कसानी करू?"

मी म्हटलं, सात वर्षं तुम्ही हंगामी आहात, तेच सांगा की.

ते मान हलवून म्हणाले, "ते मन्हं शे. ते मी सोताना तोंडे सांगसू, चोरीसन कसाले सांगू?" मग त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. वर पेन्सिलीने पंपाचा दांडा काढला होता आणि त्याच्याभोवती एक चकती. इतकं नेटकं चित्र मी शाळेच्या भूमितीच्या वहीतही काढलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं. पंपाच्या दांड्याभोवती पाणी अडवणारी एक चकती कंपनी बसवते. इतर ठिकाणी ती टिकत असेल, पण तापीच्या पाण्यात रेती असते आणि रेतीने ती महिनाभरात झिजते. मग पंप पाणी खेचत नाही, केळी सुकतात, आणि शेतकरी इंजिनाला नावं ठेवतो.

"इंजन चांगलं शे," मिस्त्री म्हणाले. "पन आठला पानीमा रेती शे. मी म्हशीनं चामडं कापीसन, तेलमा भिजाडीसन बसाडस. वरीसभर देखनं पडत नही. हाई मुंबईवालासले सांगा."

"आणि दुसरी तक्रार?"

"दुसरी काही नही."

मी ते टाइप केलं. इंजिन चांगलं आहे पण या पाण्याला जुळत नाही, हे सौम्यपणे कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं. एक इंग्रजी शब्द येत होता, 'डिफेक्टिव्ह'. तो मी घातला. कागदाला मिस्त्रींचं चित्र टाचणीने लावलं आणि मिस्त्री स्वतः जाऊन माठातलं पाणी प्याले आणि पेटीत कागद टाकून आले. त्यांच्याकडे मात्र कोणी मान वर करून पाहिलं नाही.

जूनच्या शेवटी निरीक्षक आले. गोल चेहऱ्याचे, सतत घाम पुसणारे गृहस्थ. आमच्या सगळ्यांसमोर त्यांनी पेटी उघडली, कागद मोजून पिशवीत घातले, पंख्याखाली उभं राहून चहा घेतला आणि "फार छान, फार छान" म्हणून दुपारच्या गाडीने सुरतेकडे गेले. मॅनेजर त्या दिवशी खुशीत होते. संध्याकाळी त्यांनी टाय सैल केला.

उत्तर आलं ते दसऱ्याच्या आधी. गोपनीय असा शिक्का असलेलं पाकीट. गोपनीय पत्राचीही प्रत करावी लागते, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि मला ते वाचावं लागलं.

हेड ऑफिसने तपास केला होता. नंदुरबार शाखेतले सगळे कागद एकाच टाइपरायटरवर उतरलेले आहेत आणि इंग्रजीच्या चुकाही एकाच प्रकारच्या आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की शाखेतले इतर कर्मचारी समाधानी असून एकच असंतुष्ट माणूस एवढ्या तक्रारी करतो. तो कोण, हे कळायला एकच खूण होती. एका कागदाला पेन्सिलीचं चित्र होतं, आणि असं चित्र काढणारा माणूस शाखेत एकच. तेव्हा सदर मिस्त्रीने खुलासा करावा, की तो कंपनीच्या इंजिनाला 'डिफेक्टिव्ह' का म्हणतो, मॅनेजरांची बदली का मागतो, सेल्समन आणि स्टोअरकीपर या दोघांच्याही विरुद्ध का आहे, महिला टायपिस्टच्या बांगड्यांचा त्याला काय त्रास होतो, आणि त्याला पंखा नेमका कुठे हवा आहे.

पत्र वाचून मॅनेजरांनी ते घडी करून परत पाकिटात घातलं. मग म्हणाले, "मिस्त्रींना समजावून सांगा."

मी मागे शेडमध्ये गेले. ते एका उघडलेल्या इंजिनापुढे उकिडवे बसले होते. मी एकेक मुद्दा मराठीत सांगितला. ते हात न थांबवता ऐकत राहिले. पंख्यापाशी आल्यावर मात्र थांबले आणि वर पाहिलं. डोक्यावर पत्रा होता, दुपारचा, तापलेला.

"माले पंखा?" ते म्हणाले. "आठे कोठे टांगतीन तो?" आणि हसले. मला हसू आलं नाही.

मी परत हॉलमध्ये आले ते सांगूनच टाकायचं ठरवून. हे सगळं मी टाइप केलं, कोणाकोणाच्या सांगण्यावरून केलं, आणि 'डिफेक्टिव्ह' हा शब्द माझा आहे, असं खुलाशात लिहायचं. मॅनेजरांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "उद्या बघू."

त्या संध्याकाळपासून सगळे एकेक करून माझ्याकडे आले, पुन्हा वेगवेगळे. सेल्समन म्हणाला, बाई, माझी बहीण लग्नाची आहे, आता नोकरी गेली तर? स्टोअरकीपर म्हणाले, मिस्त्रींचं काय, त्यांच्या हातात कसब आहे, ते कुठेही पोट भरतील, आपण कागदाची माणसं. हेडक्लार्क संध्याकाळी उशिरा आले. त्यांनी एक नवी पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवली. जुन्या पेन्सिलीचा तुकडा न मागता. मॅनेजरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की मी जर कबुली दिली तर वडिलांचीही मालधक्क्यावर चर्चा होईल, आणि मुलीच्या जातीला ते बरं नाही.

घरी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." असं उत्तर देणारे वडील मिळाले म्हणून लोक मला भाग्यवान समजायचे. त्या दिवशी मला वाटलं, यांनी सरळ 'कर' किंवा 'करू नको' म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी गप्प राहिले. हे लिहायला सोपं नाही, पण तसंच झालं. खुलासा मॅनेजरांनी सांगितला आणि मी टाइप केला. अजाणतेपणी घडलं, पुन्हा घडणार नाही. मिस्त्रींनी वाचायलाही मागितला नाही. खाली आपली सही मराठीत केली, मोठी, स्पष्ट.

महिन्याभराने त्यांचे अकरा महिने भरले. ते नेहमीसारखे घरी गेले. मुंबईहून नवी ऑर्डर आली नाही.

बाकीच्या तक्रारींवर मात्र हेड ऑफिसने कार्यवाही केली. खबरदारीचा उपाय म्हणून टायपिस्टला वेगळं बसवावं, असा आदेश आला. सुतार आले आणि माझ्या टेबलाभोवती छातीपेक्षा उंच लाकडी पडदी उभी केली. पडदी हॉलच्या मध्यापर्यंत येत होती, त्यामुळे पंखा तिच्या आत आला. हेडक्लार्कांचं आणि स्टोअरकीपरांचं टेबल बाहेर राहिलं, खडूच्या रेघांसकट. पुढचे तीन उन्हाळे मी एकटीने त्या पंख्याखाली काढले. फाइलचे कागद उडू नयेत म्हणून मला दगड ठेवावे लागायचे.

मॅनेजरांचीही बदली झाली. ज्या शाखेतला असंतुष्ट माणूस इतका लिहितो तिथल्या मॅनेजरचा वचक कमी असणार, असं हेड ऑफिसचं मत पडलं. त्यांना चांद्याकडच्या एका डेपोवर पाठवलं. तिथे उन्हाळा आमच्यापेक्षा कडक आणि हाताखाली माणूस कोणी नाही. निरोपाच्या चहाला ते मला म्हणाले, "नाशिक घालायला हवं होतं."

आमच्या ऑफिसात मग शेतकरी यायचे आणि काचेच्या शोरूममधून सरळ मागे जायचे. शेड रिकामी बघून परत हॉलमध्ये येत आणि विचारत, "मिस्त्री कोठे शेत?" हेडक्लार्क सांगायचे, ते आता नाहीत, अर्ज करा, मुंबईहून माणूस येईल. एकदा प्रकाशाकडचे एक गुजर शेतकरी, डोक्याला पांढरं पागोटं, पायाला चिखल, तसाच अर्ज हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी कागद घडी करून हेडक्लार्कांच्या टेबलावर परत ठेवला. "मुंबईना मानूस येस तवलोंग केळी थांबतीन का?" असं विचारून गेले. हेडक्लार्कांनी कागदाची घडी उलगडून तो परत कपाटात ठेवला.

मिस्त्रींनी धानोऱ्याच्या रस्त्याला आपलं छप्पर टाकलं होतं. मला ते कळायला चार महिने लागले, की कळूनही मी चार महिने गेले नाही, हे आता मला सांगता येणार नाही. गेले ती एका रविवारी, धाकट्या भावाला सोबत घेऊन. छपराबाहेर तीन बैलगाड्या उभ्या होत्या, तिन्हींत आमच्या कंपनीची इंजिनं.

त्यांनी मला खाट दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. तो शब्द माझा होता, आणि खुलाशाच्या वेळी मला बोलता आलं असतं पण मी बोलले नाही.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लिखं तुम्ही, पन सांगं ते मी. आनि मी सांगं ते खोटं नव्हतं."

"पण नोकरी गेली तुमची."

"नोकरी गयी ते गयी. इंजनं ते बंद पडतच ऱ्हातीन." ते उठले, कारण बाहेर कोणी हाक मारली होती. जाताना वळून म्हणाले, "पन ताई, तवय बोलतात ते माले बरं वाटतं."

तेव्हा मी बोलले असते तर त्यांना बरं वाटलं असतं, हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. मी चहा संपवला आणि भावाला घेऊन परत आले.

पुढच्या वर्षी स्टोअरमध्ये नव्या सुट्या भागांची खोकी आली. सोबत छापील पत्रक होतं. रेतीच्या पाण्यासाठी कंपनीच्या संशोधन विभागाने खास चकती तयार केली आहे, असं त्यात लिहिलं होतं आणि चित्र दिलं होतं. चित्र छापलेलं होतं, त्यामुळे जरा कमी नेटकं वाटत होतं. ऑफिसात सगळ्यांनी ते बघितलं. सेल्समन म्हणाला, "आता विक्री वाढेल." स्टोअरकीपरांनी खोकी मोजून आत ठेवली आणि कुलूप लावलं. मी एक चकती मागितली तर म्हणाले, मागणीपत्र भरा.

मी भरलं. कारणाच्या रकान्यात 'नमुना' लिहिलं. ती चकती मिस्त्रींना नेऊन दिली. त्यांनी ती बोटांत फिरवली, नखाने दाबून पाहिली.

"रबर शे," ते म्हणाले. "पाच-सहा महिना काढी." आणि मला परत दिली, जपून, एखाद्याची वस्तू त्याला परत द्यावी तशी. त्यांच्या मागे चामड्याच्या चकत्यांची माळ खिळ्याला टांगलेली होती.

नोकरीत मी आणखी दोन वर्षं काढली. मग शहाद्याच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली आणि मला मिळाली. राजीनामा मी स्वतःच टाइप केला. त्यात कारण द्यावं लागतं. बराच वेळ मशीनपुढे बसून राहिले. पडदीवरून हेडक्लार्कांनी डोकावून पाहिलं.

"घरगुती लिहा, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "घरगुती कारणाला खुलासा मागत नाहीत."

मी 'घरगुती' लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी स्पेलिंग तपासलं, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, आणि मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांचं टेबल पडदीच्या आत, पंख्याखाली आलं, असं मला नंतर सेल्समनकडून कळलं.